रिपोर्ट मोबाइलवर दिसतो, पण कळत नाही: काय करायचं?

तक्रार साधारण अशी असते. लॅबनं व्हॉट्सअॅपवर रिपोर्टची पीडीएफ पाठवली. उघडली तर अक्षरं लागेनात. दोन बोटांनी मोठी केली तर आकडा दिसतो, पण तो कशाचा ते दिसत नाही. पान सरकवून तपासणीचं नाव शोधावं, तोवर आकडा पडद्याबाहेर गेलेला. शेवटी फोन माझ्यापुढं येतो. "दादा, ह्यात साखर किती हाय बघा की."

मी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या परिसरातल्या एका औषध दुकानात काउंटरला असतो. पन्हाळा, भुदरगड, आजरा, चंदगड, सगळीकडून माणसं इथं येतात. हल्ली त्यांच्या पिशवीत फाइल असतेच असं नाही, मोबाइल मात्र असतो. डॉक्टरांची चिठ्ठी फोटोत, रिपोर्ट पीडीएफमध्ये, पथ्याची यादी फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये. वाचता आलं नाही की बहुतेक जण दोनच निदानं करतात: चष्म्याचा नंबर वाढला, नाहीतर फोन लहान आहे. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण खरा बिघाड वेगळाच आहे. ज्या गोष्टी एका नजरेत एकत्र वाचायच्या असतात, त्यांची अरुंद पडदा ताटातूट करतो. आकडा एकीकडं, त्याचं नाव दुसरीकडं, एकक तिसरीकडं. म्हणून नुसतं अक्षर मोठं करून भागत नाही. अक्षर जितकं मोठं कराल तितकी ही ताटातूट वाढते.

मोठा फोन घेऊन प्रश्न सुटेल का?

फारसा नाही. साध्या पट्टीनं मोजून बघा. साडेसहा इंचांचा आजचा फोन उभा धरला तर पडद्याची रुंदी पावणेसात-सात सेंटीमीटर भरते. जुना पाच इंची फोन सहा सेंटीमीटरच्या थोडा पुढं असायचा. म्हणजे दीड इंच वाढले ते जवळपास सगळे उंचीत गेले, रुंदीला अर्धा-पाऊण सेंटीमीटर मिळाला. रिपोर्ट छापला जातो तो ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद. तो पडद्यावर बसवला की एक तृतीयांश होतो. कागदावर १० पॉइंटचं (पॉइंट हे छापील अक्षराचं माप) असलेलं अक्षर फोनवर जेमतेम तीन पॉइंटचं उरतं. तरणी पोरंसुद्धा ते नीट वाचू शकणार नाहीत.

तोच फोन आडवा धरला तर रुंदी पंधरा सेंटीमीटर होते आणि तेच अक्षर सात पॉइंटवर येतं. घरात दहा इंची टॅब असेल तर तो आडवा धरल्यावर ए-फोरची पूर्ण रुंदी त्यात मावते, अक्षर छापील मापाचंच दिसतं. शाळेच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅब कितीतरी घरांत कपाटात पडून आहे. आजी-आजोबांचे रिपोर्ट त्यावर उघडा.

रुंदीला एवढं महत्त्व का, याचा शोध जुना आहे. १९८३ साली डचनिकी आणि कोलर्स या दोन संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर ओळींची रुंदी आणि एका वेळी दिसणाऱ्या ओळींची संख्या बदलून वाचनाचा वेग तपासला. ओळी कमी दिसल्यानं वाचनाला फार धक्का बसला नाही. रुंदी एक तृतीयांशावर आणली तेव्हा मात्र वेग चांगलाच घसरला. तेव्हा आजच्यासारखे मोबाइल नव्हते, पण आज आपण उभ्या फोनवर नेमकं तेच करतोय.

फोनचा फॉन्ट वाढवला, तरी रिपोर्ट तसाच

ही दुसरी नेहमीची तक्रार. मुलगा सुट्टीला येतो, आईच्या फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून जातो, आणि रिपोर्ट पहिल्यासारखाच बारीक राहतो. यात फोनचा दोष नाही. सेटिंग्जमधल्या फॉन्ट साइझचा परिणाम मेसेज, मेनू आणि काही अॅपवर होतो. पीडीएफ आणि फोटो ही छापलेल्या पानाची चित्रं समजा, त्यांना तो लागू पडत नाही. म्हणून आधी समोर काय उघडलंय ते ओळखा: पीडीएफ, फोटो, की मेसेजचा मजकूर. तिघांचे इलाज वेगळे आहेत.

पीडीएफ रिपोर्ट

वरून पडदा खाली ओढा आणि ऑटो-रोटेट चालू करा. बहुतेकांचा तो बंद असतो, म्हणून फोन आडवा केला तरी पान उभंच राहतं. आता फोन आडवा धरा. कागदाच्या दोन्ही बाजूंना कोरा समास असतो. दोन बोटांनी फक्त तेवढा समास पडद्याबाहेर जाईल इतकंच पान मोठं करा आणि तिथं थांबा. सतरा सेंटीमीटरचं कोष्टक पंधरा सेंटीमीटरमध्ये बसतं, म्हणजे १० पॉइंटचं अक्षर जवळजवळ नऊचं दिसतं. नाव, आकडा, एकक आणि सामान्य मर्यादा हे चारही रकाने एका ओळीत समोर राहतात. पान फक्त वर-खाली सरकवायचं. आडवं सरकवावं लागतंय असं दिसलं की समजायचं, गरजेपेक्षा जास्त मोठं केलंय.

एवढं करूनही वाचता येत नसेल तर अंतर बघा. चाळिशी लागली की माणूस फोन लांब धरतो. अक्षर दुप्पट लांब गेलं की डोळ्याला निम्मं दिसतं, मग मोठं केलेलं सगळं वाया जातं. जवळचा चष्मा लावा, फोन वीतभर-दीड वीत अंतरावर धरा आणि पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. उजेडानं डोळ्यातली बाहुली आकसते आणि बारीक अक्षर थोडं ठळक होतं. बॅटरी वाचवायचा मोड चालू असेल तर उजेड आपोआप कमी होतो, तोही बघा.

चारही रकाने एकत्र का दिसले पाहिजेत? पावसाळ्यातलं उदाहरण घ्या. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्सचा आकडा हा घराघरांतला विषय असतो. एका लॅबच्या रिपोर्टात प्लेटलेट १.८ लिहिलेलं असतं, दुसरीच्या रिपोर्टात १८०, तिसरीच्या १,८०,०००. तिन्ही आकडे एकच आहेत. पहिला लाखात, दुसरा हजारात, तिसरा पूर्ण लिहिलेला. एकक शेजारच्या रकान्यात असतं, आणि मोठं केलेल्या पडद्यावर नेमकं तेच बाहेर जातं. मग प्रश्न येतो, "काल १.८ हुतं, आज १८० कसं काय?" कुणी घाबरतं, कुणी निर्धास्त होतं, आणि दोघांचंही कारण चुकीचं असतं.

दुसरं उदाहरण एचबीएवनसीचं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगते आणि ती टक्क्यांत असते. समजा ७ आली. त्याच्याच खाली बऱ्याच लॅब अंदाजे सरासरी साखर छापतात. ७ टक्क्यांना ती साधारण १५४ होते. पान वर सरकलं, मथळा गेला, पडद्यावर नुसता १५४ राहिला की लोक त्याला उपाशीपोटीची साखर समजतात. उपाशीपोटी १२६ किंवा त्यापुढं म्हणजे मधुमेहाच्या मर्यादेत, हे ऐकून माहीत असतं, म्हणून १५४ पाहून धसका बसतो. तो आकडा उपाशीपोटीचा नाहीच.

काही रिपोर्टात मर्यादेबाहेरच्या आकड्याशेजारी एच किंवा एल असं एक अक्षर असतं. एच म्हणजे जास्त, एल म्हणजे कमी. ते कडेला असल्यामुळं सगळ्यात आधी पडद्याबाहेर जातं. शिवाय सामान्य मर्यादेच्या रकान्यात कधी पुरुष, स्त्रिया, गरोदर स्त्रिया, लहान मुलं अशा तीन-चार ओळी असतात. अर्धी ओळ बघून स्वतःचा आकडा दुसऱ्याच्या मर्यादेशी ताडू नका.

रिपोर्ट लांबलचक असेल तर मी वहीचा मार्ग सुचवतो. आडव्या फोनवरून एकेक ओळ वहीत उतरवायची: तारीख, तपासणी, आकडा, एकक, मर्यादा. पाच-सहा महत्त्वाच्या ओळी पुरतात, कोणत्या ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. पुढच्या वेळी त्याच पानावर पुढचा आकडा. मधुमेह, थायरॉइड, किडनीच्या रुग्णांना याचा फार उपयोग होतो. डॉक्टरांनाही चार पीडीएफ उघडण्यापेक्षा ते एक पान लवकर वाचता येतं.

चिठ्ठीचा आणि औषधाचा फोटो

इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. रिपोर्ट चुकीचा वाचला तर तो बहुधा डॉक्टरांकडं गेल्यावर दुरुस्त होतो. चिठ्ठी चुकीची वाचली तर गोळी पोटात जाते.

चिठ्ठीत डावीकडं औषधाचं नाव आणि उजवीकडं १-०-१ असं प्रमाण असतं. फोटो मोठा करून आडवा सरकवला की नजर एक ओळ घसरते, आणि रक्तदाबाच्या गोळीचं प्रमाण खालच्या ॲसिडिटीच्या गोळीला लागतं. उपाय तोच, फोन आडवा आणि सगळी ओळ एका नजरेत. फोटो काढतानाच कागद सपाट ठेवा, वरून सरळ काढा, चारही कोपरे फ्रेममध्ये येऊ द्या. रुग्णाचं नाव आणि तारीख कापू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना तो दाबला जातो आणि दशांश चिन्हासारखा बारीक ठिपका त्यात विरून जातो. ०.५ चा ५ व्हायला तेवढं पुरतं. म्हणून पाठवण्याआधी एचडीचं बटण दाबा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा. रिपोर्टच्या पीडीएफचा स्क्रीनशॉट काढून पाठवू नका, मूळ फाइलच पुढं पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये निम्म्या वेळा नाव नसतं, तारीख नसते, आणि तिकडं पुण्या-मुंबईतला भाचा डॉक्टर असला तरी तो तरी काय सांगणार?

थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते: २५, ५०, ७५, १००. बहुतेक इतर गोळ्या मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पट्टीच्या फोटोत आकडा ठळक दिसतो, एकक बारीक असतं. दुकानात या तेव्हा फोटोबरोबर रिकामी पट्टी आणली तर सगळ्यात बरं.

इन्सुलिनच्या बाबतीत तर फोटोवर विसंबूच नका. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुधा १ मिलिलिटरला ४० युनिट असतं, पेनच्या काडतुसातलं १०० युनिट. काही बाटल्याही १०० च्या मिळतात. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असतं, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर तेवढ्याच खुणेपर्यंत अडीच पट औषध अंगात जातं. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाटलीच्या फोटोत नाव मोठं असतं, ४० की १०० हे कडेला बारीक छापलेलं. बाटली किंवा खोकं प्रत्यक्ष घेऊन या, सिरिंजही दाखवा. दुकानात गर्दी असली तरी विचारायला संकोच करू नका.

मेसेजमधल्या सूचना

इथं फॉन्ट वाढवता येतो. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात फॉन्ट साइझ. पण सगळ्यात मोठा करू नका. एका ओळीत दोन-तीनच शब्द उरले की वाक्य तुटतं, आणि मराठी वाक्य तुटण्यात एक खास धोका आहे. आपल्याकडं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. "लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये" या वाक्यात शेवटचा शब्द पुढच्या ओळीत गेला, तो वाचायचा राहिला, की अर्थ बरोबर उलटा होतो. नोटिफिकेशनच्या पट्टीत तर मेसेजची सुरुवातच दिसते. "आजपासून रात्रीची गोळी घ्यायची" एवढं दिसतं आणि "नाही" आत राहतं. मोठ्या मेसेजच्या शेवटी "अधिक वाचा" येतं, ते दाबायचं असतं हे पुष्कळ वयस्क माणसांना ठाऊकच नसतं. त्यांच्या लेखी मेसेज तिथंच संपलेला असतो.

म्हणून औषधाचा मेसेज नोटिफिकेशनवर वाचून कधीच काही करू नका. मेसेज उघडा, पूर्णविरामापर्यंत वाचा, "अधिक वाचा" असेल तर दाबा. फॉन्ट एवढाच ठेवा की ओळीत पाच-सहा शब्द मावतील. त्याहून बारीक वाचता येत नसेल तर फोन आडवा धरा, किंवा सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत "सिलेक्ट टू स्पीक" चालू करून मेसेज मोठ्यानं ऐका. फोनमध्ये मराठी आवाज बसवलेला असेल तर तो बऱ्यापैकी वाचून दाखवतो. आकडे मात्र ऐकून झाल्यावर डोळ्यांनी एकदा ताडून घ्या.

सोपा मजकूर फोनवर वाचायला तसा त्रास नाही. २०११ च्या सुमारास कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका प्रयोगाची बरीच चर्चा झाली. वेबसाइटच्या किचकट गोपनीयता धोरणातले काही शब्द गाळून ते वाचणाऱ्यांना भरायला दिले होते. मोठ्या पडद्यावर साधारण ३९ टक्के जागा बरोबर भरल्या गेल्या, फोनएवढ्या पडद्यावर १९ टक्के. पुढं २०१६ मध्ये वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेनं नव्या फोनवर अशीच चाचणी घेतली, तेव्हा आकलनात म्हणावा असा फरक आढळला नाही. मात्र अवघड मजकूर वाचायला फोनवर जास्त वेळ लागला. माझ्या काउंटरवरचा अनुभव याला धरूनच आहे. "उद्या सकाळी उपाशी या" हा मेसेज कुणालाही कळतो. लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरेंचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, पथ्याचं दोन रकान्यांचं कोष्टक अवघड जातं. तिथं घाई करायची नाही.

पाठवणाऱ्यांना विनंती

लॅब, दवाखाने, आशाताई, आणि नातेवाइकांना मेसेज टाकणारी आपण सगळी, अर्धा बिघाड आपल्या हातात आहे. कोष्टकाचा फोटो पाठवू नका, एकाखाली एक ओळी लिहा. नकार आधी आणा: "चहा-दूध नको. लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्या." एका ओळीत एकच सूचना. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या ओळीत, कारण नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं. आकड्याला एकक चिकटवूनच लिहा. दशांशाआधी शून्य द्या, म्हणजे नुसतं .५ न लिहिता ०.५. आणि ५ च्या पुढं उगाच शून्य लावू नका, ५.० चा ठिपका गेला की ५० होतात. लॅबना वेबसाइटवर रिपोर्ट दाखवायचा असेल तर वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष २०१८ पासून सांगतायत की ३२० पिक्सेल, म्हणजे लहान फोनच्या पडद्याएवढ्या रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. कोष्टकांना त्यात सूट आहे, पण रुग्णासाठी ती सूट घेऊ नये असं मला वाटतं. प्रत्येक तपासणीची वेगळी चौकट करून नाव, आकडा, एकक, मर्यादा एकाखाली एक दिली तर पान उभ्या फोनवरसुद्धा नीट वाचता येतं.

काहीच जमत नसेल तर

प्रिंट काढा. झेरॉक्सच्या दुकानात फोन तसाच हातात देऊ नका, पीडीएफ त्यांच्या नंबरवर पाठवा आणि काम झालं की त्यांच्याकडची फाइल पुसायला सांगा, रिपोर्ट खासगी असतो. एका कागदावर दोन पानं छापू देऊ नका. कागद वाचतो, पण अक्षर सत्तर टक्क्यांवर येतं, मग प्रिंट काढून मिळवलेलं निम्मं जातं. सगळी पानं काढा, शेवटचंही. त्यावर बऱ्याचदा पॅथॉलॉजिस्टचा शेरा असतो, आणि मोबाइलवर तिथपर्यंत कुणी पोचलेलं नसतं. चिठ्ठीची प्रिंट काढली तरी औषध घ्यायला येताना मूळ चिठ्ठी बरोबर आणा.

आणि आकडा वाचता आला पण अर्थ लागत नसेल, तर इंटरनेटवर शोधत बसण्याआधी ज्यांनी तपासणी सांगितली त्या डॉक्टरांना फोन करा. बोलताना तपासणीचं नाव, आकडा, एकक आणि तारीख या चार गोष्टी याच क्रमानं सांगा.